सव्वीस पावलं

“हरलो काका, या आता बाहेर!” असं मी शेवटी ओरडलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. तुरीवरचं दव उतरलं होतं. मी विहिरीच्या कठड्यावर उभा, गळ्यात मेळघाटच्या सफारीसाठी हौसेनं घेतलेली आठ पटीची दुर्बीण, आणि समोर दोन एकर तूर. छातीएवढी वाढलेली, नुकती फुलावर आलेली. त्या तुरीत कुठेतरी एकसष्ट वर्षांचा, मिशा राखणारा, गुडघ्यांना तेल चोळल्याशिवाय रात्री झोप न लागणारा एक माणूस पालथा पडलेला आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पाऊण तास मी त्याला शोधत होतो. हाक मारल्यावरही थोडा वेळ काही झालं नाही. मग धुऱ्यालगतच्या तासात, म्हणजे बांधाकडच्या ओळीत, तुरीच्या बुडाशी माजलेल्या ज्या गवतावरून माझी दुर्बीण कितीदा तरी गेली असेल, त्या गवताला खांदे फुटले. आधी खांदे, मग एक हात, मग मिशा. बापूकाका गुडघ्यावर हात टेकून कण्हत उठले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: “थर्मासमंधला चहा सारा संपवला का बे?”

मी नंतर मोजलं. कठड्यापासून सव्वीस पावलं.

सुरुवात झाली होती लक्ष्मीपूजनाच्या रात्री. अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. दिवाळीला आम्ही सगळे तिथे जमतो. पोट्ट्यांचे सुतळी बॉम्ब संपले होते, ओसरीवर फराळाची ताटं अर्धवट पडली होती आणि भावाच्या मुलाच्या फोनवर कुणीतरी एक फोटो पाठवला होता. ‘यात एक स्नायपर लपला आहे, दहा सेकंदांत शोधा.’ वाळलेला पाचोळा, दोन-चार दगड, एक आडवं पडलेलं खोड. सात डोकी त्या फोनवर वाकली. कुणी खोडाकडे बोट दाखवलं, कुणी दगडाकडे. मग उत्तराचा फोटो आला, लाल गोल काढलेला. त्या गोलातही पाचोळाच होता. पण गोल दिसल्याबरोबर आम्ही सगळे “हां, हां, दिसला!” म्हणालो. खरं सांगतो, मला तेव्हाही काही दिसलं नव्हतं. नळीसारखं काहीतरी आहे असं मी मनाला समजावलं आणि फोन पुढे दिला. बाजेवर पडल्या पडल्या बापूकाका हसले. “फोटोतला माणूस हालत नाही लेका, अन् आत माणूस हाये हे तुले आधीच सांगून ठेवलं. एवढं सोपं कोठी असते? परवा सकाळी वावरात ये.”

बापूकाका फौजेतून २००५ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावाला त्यांची फौज माहीत आहे ती एवढीच: सुट्टीवर येताना काळी ट्रंक, कॅन्टीनचा माल, आणि आता पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याजवळची खुर्ची. आम्हा पुतण्यांनाही त्याहून फार माहीत नव्हतं. १९९३ साली ते अकोटहून खंडव्याकडे जाणाऱ्या छोट्या लाइनच्या गाडीनं धूळघाटाची ती गोल फिरणारी चढण चढून महूला गेले आणि तिथल्या इन्फंट्री स्कूलमध्ये स्नायपरचा कोर्स करून आले, ही गोष्ट मला माझ्या वयाच्या चाळिशीनंतर, तीही दुसऱ्या कुणाच्या लग्नाच्या पंगतीत कळली. ती छोटी लाइनही आता तशी राहिली नाही. असो.

त्या सकाळी चहा पिता पिता काकांनी मला माझ्याच पाऊण तासाचा हिशेब दिला. मी कठड्यावर चढताना डावी चप्पल घसरली. मी दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधी पुसली ती शर्टाच्या आतल्या बाजूनं. फोन सहा वेळा पाहिला. एकदा कुत्र्याशी बोललो. (काय बोललो तेही त्यांनी सांगितलं, ते इथे लिहीत नाही.) थर्मासचं झाकण विहिरीत पडता पडता वाचलं तेव्हा मी आजूबाजूला पाहिलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. “चार वेळा तू माह्याकडे पाह्यलं,” काका म्हणाले. “एकदा तं डोयात डोया घालून. मले वाटलं, सापडलो. पण तू जांभई दिली.” मी हसलो, तेही हसले. पण चहाचा घोट जरा जपूनच गेला. आपलं वावर, आपलीच विहीर, आपलेच काका. आणि तरी पाऊण तास कुणीतरी आपल्या अंगावर नजर लावून होतं, आपण एकटे आहोत असं समजून नाकात बोट घालत होतो, हे कळल्यावर मानेच्या मागे जे होतं त्याला शब्द नाही. रागही नाही तो, भीतीही नाही. लहानपणी आंघोळ करताना मोरीचं दार उघडंच होतं हे नंतर कळावं, तसं काहीतरी.

मला जास्त टोचलं ते वेगळंच. मी कॉलेजात एनसीसीत होतो. अकोल्याच्या उन्हात, मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली, उस्ताद आम्हाला विचारायचे, “चीज़ें क्यों नज़र आती हैं?” आणि आम्ही एका सुरात म्हणायचो: आकार, सावली, चमक, पृष्ठभाग, आकाशावर उठून दिसणारी कड, सारखं अंतर, हालचाल. गणपतीच्या आरतीसारखं पाठ होतं. ‘बी’ सर्टिफिकेटच्या पेपरात त्यावर मला पैकीच्या पैकी गुण होते. आणि या सकाळी मी काय केलं? तुरीत माणसाचा आकार शोधला. डोकं, खांदे, पाय, जणू काका फोटो काढायला उभे आहेत. माणसाचा आकार मोडायचा हेच तर त्या विद्येचं पहिलं कलम. डोकं आणि खांदा यांच्यामधली ती ओळखीची कमान गवतानं भरून टाकली की डोळ्याला पकडायला काही उरतच नाही. बंदुकीची सरळ रेघ तर सगळ्यात चहाडखोर, कारण रानात सरळ रेघ कुठेच नसते. काकांकडे बंदूक नव्हती, पऱ्हाटीची काडी होती. तिलाही त्यांनी सुतळी गुंडाळून ठेवली होती, सवयीनं.

“अन् तू पाहून कसा राह्यला होता? पेपर वाचल्यासारखा,” काका म्हणाले. “डावीकडून उजवीकडे. त्यानं डोये पळतात. उजवीकडून डावीकडे पाय.” फौजेत शिकवतातच तसं: रान आधी जवळचं, मग मधलं, मग दूरचं असं पट्ट्यांत वाटायचं आणि प्रत्येक पट्टा उलट्या दिशेनं, हळू. आपल्या डोळ्यांना अक्षरांच्या दिशेनं धावायची इतकी सवय आहे की त्या दिशेनं पाहताना ते निम्मं वगळतात, जाहिराती वगळतात तसं. उलटं न्यायला लागलं की प्रत्येक ठिकाणी अडखळतात, आणि अडखळलं तरच दिसतं. मी हे नंतर गच्चीवरून समोरच्या चिंचेवर करून पाहिलं. तीन मिनिटांत एक सरडा, एक अडकलेला पतंग आणि चिमण्यांचं जुनं घरटं सापडलं. ती चिंच मी चाळीस वर्षं पाहतो आहे. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी, की झुडपाकडे पाहू नको, झुडपातून पलीकडे पाहा. पानांवर नजर ठेवली तर पानंच दिसतात. पानांमधल्या फटीतला काळोख पाहिला तर तो कुठे तुटतो ते कळतं. आणि दुर्बीण आधी लावायचीच नाही. दुर्बिणीनं माणूस मोठा दिसतो, पण रान लहान होतं.

आपल्या डोळ्याचं एक अजब आहे. हात लांब करून अंगठा धरला तर त्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्याच जागेत आपल्याला खरंखुरं स्पष्ट दिसतं. बाकी सगळं धूसर. डोळा सारखा उड्या मारत असतो आणि मेंदू मधल्या जागा भरून काढतो, आधीच्या ओळखीवर. दोन एकर तूर मी ‘पाहिली’ म्हणजे फार तर शे-दोनशे अंगठे पाहिले. उरलेली माझ्या डोक्यात आधीच उभी होती. तिच्यात काका नव्हते.

काकांच्या अंगावरची ती झूल मी हातात घेऊन पाहिली. झूलच म्हणतो, पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतो तशी, फक्त इथे आरसे आणि गोंडे लावायच्या ऐवजी होतं नव्हतं तेवढं सौंदर्य काढून घेतलेलं. जुन्या मच्छरदाणीच्या जाळीवर तागाच्या पोत्याच्या चिंध्या गाठी मारून लावलेल्या, प्रत्येक चिंधीचे धागे उसवलेले, पिंजारलेले. सगळं नाल्याच्या चिखलात बुडवून वाळवलेलं. वास असा की कुत्रं दोनदा येऊन परत गेलं. “युरियाचं पोतं चालत नाही,” काकांनी समजावलं, “प्लास्टिक चमकते. तागाचंच पायजे.” तागाची पोती आता गावात सापडत नाहीत ही त्यांची खरी तक्रार. ही झूल त्यांनी जागलीसाठी केलेली. रानडुकरांच्या पायी रात्री वावरात बसावं लागतं, आणि काकू म्हणते त्याप्रमाणे ‘डुकरं पाहतात का यांची झूल, वासानंच पळतात.’ तागाच्या चिंध्यांवर मग त्या त्या ठिकाणचा पाला खोचायचा. ते महत्त्वाचं. पोत्यानं फक्त माणूसपण जातं, रानपण येतं ते पाल्यानं.

या झुलीचं फौजेतलं नाव घिली सूट. स्कॉटलंडच्या डोंगरांत जमीनदारांच्या शिकारीसाठी हरणांचा माग काढणारे जे नोकर असत त्यांना घिली म्हणत. मूळ शब्दाचा अर्थ पोऱ्या, नोकर. आपल्याकडे ‘गडी’ म्हणतात ना, तेच. १९०० साली दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हॅट या तिथल्या सरदारानं अशाच डोंगराळ रखवालदारांना घेऊन एक तुकडी उभी केली, आणि पुढे पहिल्या महायुद्धात त्या तुकडीतल्या माणसांनी ब्रिटिश सैन्याला लपणं आणि पाहणं शिकवलं. म्हणजे ही विद्या मुळात कुणा सेनापतीची नाहीच, गड्याची. ‘स्नायपर’ शब्दाचंही तसंच काहीसं, आणि तो तर आपल्याच दलदलींतून गेलेला. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी स्नाइप मारायला जात, त्यावरून नेमक्या बाराचा तो स्नायपर. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. हिवाळ्यात तलावाच्या चिखलात बसलेला असतो, आणि तुमचा पाय त्याच्यावर पडेपर्यंत तो तिथे नसतोच. मग एकदम पायाखालची मातीच उडाल्यासारखा फर्रकन् उठतो, वाकडातिकडा. ज्याला मारायचं तो पक्षी लपण्यात पटाईत, आणि नाव लागलं मारणाऱ्याला. पुढे तो मारणाराही त्या पक्ष्यासारखाच चिखलात बसायला शिकला.

आमच्या तुरीत एक बुजगावणंही आहे. भावाचा जुना चौकड्यांचा शर्ट, डोक्याला उलटं मडकं, चुन्याचे डोळे. पाऊण तासात माझी नजर सगळ्यात जास्त वेळा कुणाकडे गेली असेल तर त्याच्याकडे. माणूस नसलेला माणूस लगेच दिसत होता आणि असलेला दिसत नव्हता. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये नेमकं याचंच काम करून घेत. हेस्केथ-प्रिचर्ड नावाचा एक इंग्रज अधिकारी, मूळचा क्रिकेटपटू आणि शिकारी. जर्मन स्नायपर कुठे बसला आहे हे डोळ्यांनी सापडेना, तेव्हा त्यानं कागदाच्या लगद्याची माणसांची डोकी करवून घेतली. ती काठीवर बसवून खंदकाच्या वर हळूच काढायची. एखाद्याच्या तोंडात सिगारेट खोचायची आणि खाली बसलेल्या शिपायानं रबरी नळीतून ती ओढायची, म्हणजे वर धूर निघेल. गोळी आली की डोक्याला समोर एक भोक आणि मागे एक भोक. डोकं खाली घेऊन, त्याच जागी पेरिस्कोप धरून त्या दोन भोकांच्या रेषेतून पाहायचं. रेषा जाऊन पोचायची थेट त्या स्नायपरच्या झुडपाशी. मला ही गोष्ट फार दिवस आवडत होती, हुशारीची म्हणून. आता तिच्यात ते सिगारेट ओढणारं डोकंच जास्त दिसतं. बघणाऱ्याला सापडायचं नसेल तर त्याच्यापुढे बघण्यासारखं काहीतरी ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. आमचं मडकं चुन्याच्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होतं आणि मी त्याच्याकडे.

एक खूण मात्र मिळाली होती मला, आणि ती मी वाया घालवली. मी वावरात शिरलो तेव्हा धुऱ्याच्या बाजूला टिटवी कल्ला करत होती. मला वाटलं, माझ्यावरच ओरडते आहे. टिटवी ओरडली की आपल्यावरच ओरडते असं वाटायला शहरात पंचवीस वर्षं राहावं लागतं. काका म्हणाले, “मी पहाटे पाचले आलो. थे माह्यावर बोंबलत होती. तुह्यापर्यंत तं थे आलीच नाही.” ती गप्प व्हावी म्हणून ते कितीतरी वेळ श्वासही जपून घेत पडून होते, आणि मी तिच्या आवाजाच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभा राहिलो.

आबाजींना, माझ्या आजोबांना, हे सांगितलं असतं तर ते काही बोलले नसते, फक्त पान जुळवत राहिले असते. मी चौथीत असेन तेव्हा त्यांच्याबरोबर जागलीला जायचो. ज्वारी निसवली की चार बल्ल्यांच्या मचाणावर आम्ही दोघं, एक घोंगडी, एक टेंभा, एक रिकामा डबा वाजवायला. अंधारात रोही, म्हणजे नीलगायीचा नर, आला की ते माझी मान धरून बाजूला वळवायचे. “त्याच्याकडे पाहू नको. त्याच्या बाजूले पाय, मंग थो दिसते.” आणि खरोखर दिसायचा. सरळ पाहिलं की काळ्यात काळा मिसळून जायचा, बाजूला पाहिलं की नजरेच्या कडेला एक मोठा दगड उगवायचा, आणि त्या दगडाचा कान हलायचा. डोळ्याच्या मधोमध अंधारात पाहणाऱ्या पेशीच नसतात, त्या कडेला असतात, हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. हालचालही कडेलाच आधी कळते. आबाजींनी तेवढं वाचलं नव्हतं, पण माझी मान त्यांनी बरोबर तेवढीच वळवली होती. मी कान हलण्याची वाट पाहायला तिथे शिकलो. आणि त्या दिवशी विहिरीवर मी तेच करत बसलो होतो, कधी तरी काहीतरी हलेल म्हणून. हललं काहीच नाही. हेच त्यांचं शिक्षण होतं, काकांचं. न हलणं.

महूत ते पहिल्या खेपेला नापास झाले होते. तिथे एक परीक्षा असते: उस्ताद दुर्बीण घेऊन एका जागी बसतात. विद्यार्थ्यानं लांबून, हजारेक मीटरवरून सरपटत त्यांच्या जवळ यायचं, फुसकी गोळी झाडायची आणि तरीही सापडायचं नाही. मैदानात एक माणूस फिरत असतो, उस्ताद त्याला वायरलेसवर सांगतात, दोन पावलं डावीकडे, चार पुढे, आणि तो पायाशी बोट दाखवतो. काका तीन तासांत सहाशे मीटर आले होते. कोपर सोलून निघाले, पाठीवरून मुंग्या गेल्या, एका बकरीनं त्यांच्या अंगावरचा पाला खाल्ला. “थे बकरी पास झाली, मी नापास.” कारण? सकाळी खोचलेला पळसाचा पाला दुपारपर्यंत मलूल झाला होता. उस्ताद म्हणाले, “वो मुरझाई हुई झाड़ी सुबह वहाँ नहीं थी।” काका हे वाक्य अजून जशाच्या तशा सुरात म्हणतात. दुसऱ्या खेपेला त्यांनी दर तासाला पाला बदलला, पडल्या पडल्या, दोन बोटांनी, आणि पास झाले.

मग ते ताबारेषेवर गेले. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत आणि जे बोलतात ते भलतंच असतं. गोळीबाराचं नाही, दगडांचं बोलतात. समोरच्या उतारावरचे दगड ते रोज सकाळी मोजायचे. वहीत त्या उताराचं चित्र काढलेलं, प्रत्येक मोठ्या दगडाला नंबर, प्रत्येक झुडपाला नाव. एका झुडपाला त्यांनी काकूचं नाव दिलं होतं असं एकदा बोलून गेले, मग गप्प झाले. उतार पाठ झाला की शोधावं लागत नाही, म्हणाले. जे कालच्या चित्रात नव्हतं ते आपोआप टोचते. थंडीत पहाटे तोंडातून वाफ निघते, ती लांबून दिसते. फिनलंडचा सिमो हायहा १९३९-४० च्या हिवाळी युद्धात तोंडात बर्फ धरून बसायचा ते यासाठीच, आणि काच चमकू नये म्हणून बंदुकीला दुर्बीणही लावत नसे. शेतकऱ्याच्याच घरचा माणूस तो. मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “दात दुखत नसतील का त्याचे?”

आवाजावरूनही स्नायपर सापडत नाही लवकर. गोळी आवाजापेक्षा वेगानं येते, त्यामुळे आधी ऐकू येतो हवा फाटल्याचा कडाका, डोक्यावरच, आणि माणूस तिकडे वळतो. बंदुकीचा खरा धप्प आवाज मागून येतो, दुसऱ्याच दिशेनं, आणि डोंगरात तो तीन ठिकाणांहून येतो. नव्या माणसाला कडाका ऐकू येतो, जुना धप्पची वाट पाहतो आणि मधला वेळ मोजतो. आता म्हणे अंगाची ऊब पाहणाऱ्या दुर्बिणी आल्या, वरून ड्रोन फिरतात. ताग कितीही पिंजारा, आतला माणूस गरमच असतो. काका यावर म्हणाले, “आताच्या पोट्ट्यांचं कठीण हाये,” आणि त्यांच्या आवाजात कीव होती की थोडं समाधान, ते मला ठरवता आलं नाही.

जे मला विचारायचं होतं ते मी विचारलं नाही. प्रत्येक घरात असा एक प्रश्न असतो जो पुतण्यानं काकाला विचारायचा नसतो. विहिरीवर, त्यांच्या हातातला चहाचा कप पाहत मी तो मनात दोनदा जुळवला. त्यांनी माझे जांभई देतानाचे डोळे पाहिले होते, चप्पल घसरलेली पाहिली होती. दुसऱ्या कुणाच्या अशाच पाऊण तासाचा हिशेब त्यांच्याकडे असेल का, एखाद्या थर्मासच्या झाकणाचा, आणि त्या हिशेबाच्या शेवटी काय असेल? काका कप उलटा करून शेवटचे थेंब कुत्र्यापुढे ओतत होते. मी म्हणालो, “चला, ऊन झालं.”

घरी येताना पक्क्या सडकेवरून आलो. दोन्हीकडे कपाशी फुटलेली, पांढरी, आणि वावरं सगळी रिकामी. सणाचे दिवस, मजूर कुठले, असं मी म्हणालोही. काकांनी गाडी थांबवायला सांगितली. इंजिन बंद केल्यावर बोलणं ऐकू आलं, मग हसणं, मग बांगड्या. कपाशीच्या ओळीत कमरेत वाकलेल्या पंधरा-वीस बाया वेचणी करत होत्या, अंगावर शर्ट, डोक्याला दुपट्टे, कमरेला ओटी. आमच्यापासून दगड मारला तर लागेल एवढ्यावर. एक जण कंबर सरळ करायला उभी राहिली आणि मग एकदम सगळ्या दिसल्या. त्यांनी काही लपायचा कोर्स केला नव्हता.

राहिला फोटो. शोध सुरू करायच्या आधी, पोट्ट्यांना दाखवायला म्हणून, मी कठड्यावरून तुरीचा एक फोटो काढला होता. त्यात काका आहेत. कुठे आहेत तेही मला माहीत आहे, कारण मी पावलं मोजली, ती जागा पाहिली, तिथे दबलेली माती पाहिली. घरी येऊन मी फोटो मोठा करून पाहिला, आणखी मोठा केला, आणि तरीही मला तिथे काका दिसत नव्हते. जागा दिसत होती. तूर दिसत होती, बुडाशी गवत दिसत होतं. मी स्वतःच स्वतःला लाल गोल काढून दिला होता आणि त्या गोलात पाचोळा. भावाला दाखवला, त्यानं बाभळीखाली बोट ठेवलं. भाऊबीजेला आलेल्या बहिणीनं बुजगावण्यावर ठेवलं आणि हसली. पोट्ट्यांनी सहा जागा दाखवल्या. काका बाजेवर डोळे मिटून पडले होते, मिशीत हसत.

काकू ओसरीच्या कडेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिनंच ओला हात पदराला पुसला आणि फोन मागितला. मी तिला मोठं कसं करायचं ते दाखवायला गेलो, तर तिनं तसंच, लांब धरून, चष्म्याशिवाय पाहिलं आणि धुऱ्यालगतच्या तासावर बोट ठेवलं.

“हे काय. हे तोडलेलं हाये.”

“काय तोडलेलं?”

“तुरीच्या फांद्या. पाय ना, बाकीच्या तुरीचे पानं वर हायेत, याचे खाली लोंबले. मर लागली असती तं झाड उभ्यानं वाळलं असतं, पिवळं पडलं असतं. हे हिरवंच हाये अन् मान टाकून राह्यलं. राती तोडून ठेवलं कोणीतरी.” मग तिनं बाजेकडे पाहिलं. “अवो, फुलावरची तूर तोडली तुम्ही? खेळासाठी?”

बाजेवरचं हसू थांबलं. काकांनी डोळे उघडले, पण तिच्याकडे न पाहता आढ्याकडे. पाडव्याच्या संध्याकाळी ‘पाणी पाहून येतो’ म्हणून ते वावरात गेले होते आणि उशिरा आले होते, ते आम्हा सगळ्यांना एकदमच आठवलं. काकूचं बोट मात्र फोटोवर पुढे सरकलं होतं, बाभळीकडे.

“अन् हे इकडे खरी मर लागली, दोन झाडांले. हे तिसरं पन चाललं. रोज जाता ना वावरात, दिसलं नाही का तुमाले?”

काका उठून बसले. फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

“कोठी?” म्हणाले.